शेकाप कुठे टिकला, कुठे विरला

2024 ला विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचा एकच आमदार निवडून आला, तोही सांगोल्यातून. 'घराणेशाहीनं पक्ष बुडवला' असं म्हणणं सोपं आहे. पण घराणी फार नंतरची. मूळ अडचण 1950 पासूनची आहे.

केशवराव जेधे, शंकरराव मोरे काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्यांनी हा पक्ष काढला तेव्हा त्यांच्यामागे आला तो सत्यशोधकी वळणाचा, सावकारावर चिडलेला, पण स्वतःच्या नावे सातबारा असलेला शेतकरी. 1950 मध्ये मालेगावजवळच्या दाभाडीत पक्षानं मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. भरवसा ठेवला कामगार, गरीब शेतकरी आणि शेतमजुरावर. ही भूमिका मांडणारा दाभाडी प्रबंध मला आजही मोलाचा वाटतो. पण गावात सभा ज्याच्या अंगणात भरायची, त्याच्याच रानात मजूर राबायचा. मग मजुरी वाढवून मागायची कुणाकडे? क्रांतिसिंह नाना पाटील, दत्ता देशमुख डावीकडे निघून गेले, जेधे-मोरे काँग्रेसमध्ये परतले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानं पक्षाला पुन्हा बळ दिलं. राज्य झालं आणि यशवंतराव चव्हाणांनी शेकापवाल्यांसाठी काँग्रेसचं दार उघडलं. याला निव्वळ फितुरी म्हणणं मला पटत नाही. सहकारी कारखान्याच्या पट्ट्यात ऊस कधी तुटणार हे कारखाना ठरवतो. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं आणि पुढच्या पिकाला रान मोकळं होत नाही. सोसायटीचं कर्जही त्याच गोतावळ्याच्या हातात. अशा गावात लाल बावटा धरून राहणं सोपं नव्हतं.

रायगडात तसं झालं नाही, कारण तिथं भांडण खोताशी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराशी होतं. पक्ष जन्मायच्या आधीच, 1933 पासून, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी, म्हणजे खंडानं जमीन कसणाऱ्यांनी, सहा वर्षं खोतांची जमीन कसली नाही. पुढे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेकापचे दि. बा. पाटील उभे राहिले. 1984 ला गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पदरात पडलं. सांगोल्यात प्रश्न पाण्याचा. गणपतराव देशमुख तिथून 11 वेळा निवडून आले, कारण दुष्काळात रोजगार हमीचं काम आणि नंतर टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी या मागण्या त्यांनी कधी सोडल्या नाहीत.

आता विरार-अलिबाग मार्गिकेसाठी पुन्हा जमिनी जाताहेत. मोबदला कागदावरच्या नावाला मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याची नोंद नसेल तर तो यादीतच येत नाही. पक्षानं आज गावोगाव तलाठ्याकडे बसून जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, काढाव्यात, मोबदल्याचा निवाडा जाहीर होण्याआधी हरकती नोंदवाव्यात आणि कुळांची प्रकरणं तहसीलदारापुढे चालवावीत.