शेवटची गाडी सात दहाची आहे हो

सकाळी सकाळी डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, जेवून वाचायला घ्या.

आपल्या कॅम्पसचं पुढच्या तीन महिन्यांच्या कार्यक्रमांचं पत्रक आज व्हॉट्सॲपवर आलं. देखणं आहे, खोटं कशाला बोलू. डिसेंबरात लोककलांचा दिवस : नमन, जाखडी, चित्रकथी. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, त्यात कवितावाचन आणि पुस्तकांचं प्रदर्शन. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २८ला विज्ञान दिन. मध्येच एक व्याख्यान, कातळशिल्पांवर. आणि सगळ्याच्या खाली जाड अक्षरात : 'सर्वांसाठी खुले. प्रवेश विनामूल्य. वेळ सायं. ५.३०.'

साडेपाच!

सर्वांसाठी म्हणजे नक्की कोणासाठी? स्टँडवरून आमच्याकडे शेवटची गाडी सात दहाला सुटते. वाडीच्या फाट्यावर सोडते, तिथून बॅटरीच्या उजेडात वीस मिनिटं चाल. ती चुकली की तुम्ही रात्रभर तालुक्याचे.

मागच्या वर्षीही कातळशिल्पांवरचं व्याख्यान होतं. मी हौसेने आप्पांना घेऊन गेले. आप्पा म्हणजे माझे थोरले काका, वय चौऱ्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत. आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, त्यांच्या गवताच्या तुकड्यात जांभ्यावर कोरलेलं एक चित्र आहे, मोठ्या माशासारखं. लहानपणी आम्ही त्याच्या पोटात बसून काजू भाजले आहेत. तेव्हा ती सगळी 'पांडवांची चित्रं' होती. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली, आणि मग आमच्याही सड्यावर लोक टेप घेऊन यायला लागले. आमचं यादीत नाही, पण आप्पांची मान तेवढ्यानेही ताठ झाली.

तर गेटवर वॉचमनने विचारलं, "कुठल्या डिपार्टमेंटला?"

आप्पा म्हणाले, "सड्याच्या."

मी हसले तेव्हा. आता हसू येत नाही.

साडेपाचचा कार्यक्रम. आधी पाहुण्यांची वाट. मग समई. पंखा कुणी बंद केला नव्हता, वात तीनदा विझली. मग स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग ज्यांनी शाल दिली त्यांचा परिचय. सव्वासहा वाजून गेले. मग पडद्यावर कशेळीचा तो अवाढव्य हत्ती आला आणि आप्पा खुर्चीच्या कडेला सरकले. वक्ते चांगले होते, हे मान्यच करते. एकेक नाव घेत होते : रुंढे तळी, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी. आप्पा प्रत्येक नावाला हळूच काहीतरी पुटपुटत होते. देवीहसोळला आमची आत्या दिलेली. बारसूला ते एकदा बैल बघायला गेले होते. अख्ख्या हॉलमध्ये ती यादी पायाखालून गेलेला तो एकच माणूस असेल.

देवाचे गोठणेला होकायंत्राचा काटा भरकटतो, हे सांगायला सुरुवात झाली आणि माझ्या घड्याळात पावणेसात. रिक्षाने स्टँड वीस मिनिटं. मी आप्पांच्या कोपराला हात लावला.

"प्रश्न विचारायचे असतात ना शेवटी?" ते म्हणाले. "मला एक सांगायचं होतं."

बाहेर पडताना सांगितलं मला. पहिल्या पावसात त्या माशात पाणी शेपटीकडून भरत येतं, डोकं दोन दिवस कोरडं राहतं, आणि शेपूट भरली की दुसऱ्या दिवशी नाचणीचा तरवा टाकायचा, असं त्यांचे आजोबा सांगायचे. एवढंच. तीस सेकंदांचं बोलणं. ते त्या हॉलमध्ये बोललं गेलं नाही. चूक असेल, योगायोग असेल, तज्ज्ञांनी हसून सोडून दिलं असतं. तरी चालेल, पण ऐकून सोडून द्या ना!

आता कमेंटमध्ये कुणीतरी धोंडो केशव कर्व्यांना आणणार, मला माहितेय. मुरुडहून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी चालत गेले होते, आणि तुम्हाला एसटीचं कौतुक. हो, गेले होते. आणि तिथे सतरा वर्षांचा दिसत नाहीस म्हणून परीक्षेला न बसवताच परत पाठवलं होतं, तेही सांगा. शिवाय ते सतरा वर्षांचे होते, आमचे आप्पा चौऱ्याहत्तर.

स्वतंत्र कोकण विद्यापीठ हवं की मुंबईलाच जोडलेलं बरं, हा वाद तुम्ही घाला, मी त्यात पडत नाही. उद्या अगदी आमच्या फाट्यावर विद्यापीठ आणलं तरी तिथेही साडेपाचलाच समई पेटवतील.

सगळ्यात गंमत त्या लोककलांच्या दिवसाची. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना चित्रकथीसाठी २०२१ला पद्मश्री मिळाली, तेव्हापासून पत्रकात चित्रकथी हमखास असते. उत्तम. पण नमन 'चाळीस मिनिटांचं सादरीकरण'? अहो, गण-गवळण उभी राहीपर्यंत तेवढा वेळ जातो. जत्रेत दशावतार मध्यरात्रीच्या सुमाराला उभा राहतो. शेवटच्या गाडीचा प्रश्नच येत नाही, कारण राक्षस मरेपर्यंत पहिली गाडी लागलेली असते. आमच्या अडाणी म्हाताऱ्यांनी बसवलेलं वेळापत्रक आहे ते.

बरं, अकरा वाजता ठेवा ना. अकराला आमची माणसं तालुक्यातच असतात. कुणी दवाखान्यात, कुणी तलाठ्याकडे, कुणी पासबुक भरायला. अकराला लेक्चरं असतात, कळतं मला. मग शनिवारी ठेवा. पाहुणे मुंबईहून यायचे, कोकण रेल्वे वेळेवर आली तर आली, तेही कळतं. एनएसएसची मुलं सात दिवस गावात येऊन राहतात, बंधारा बांधतात, तेव्हा कॅम्पसच आमच्याकडे आलेला असतो, हेही खरं. पण त्या सात दिवसांत आम्हाला 'ग्रामस्थ' म्हणतात. प्रेक्षक म्हणून, जाणकार म्हणून कधी बोलावणार?

इथपर्यंत लिहिलं आणि चहा टाकायला उठले. परत बसल्यावर एक आठवलं, ते न लिहिणं बरोबर नाही.

त्या दिवशी आम्ही गेटपाशी पोचलो तेव्हा मागून एक मुलगी धावत आली. गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड, साडीच्या निऱ्या एका हाताने धरलेल्या, दुसऱ्या हातात दोन कागदी डबे. "आजोबा, खाऊन तरी जा. नाहीतर घेऊन जा." आप्पा नको नको म्हणत होते. तिने डबे माझ्या पिशवीत कोंबले. कुठली गं तू, म्हटलं, तर आमच्याच बाजूची निघाली, दोन थांबे पुढची. म्हणाली, "सात दहा ना? पळा. माझी रोज चुकायची, म्हणून हॉस्टेल घेतलं."

आप्पांनी गाडीत तो वडा अर्धा खाल्ला आणि अर्धा काकूसाठी ठेवला.

आज पत्रकावरच्या नंबरवर फोन केला होता. उचलला, नीट बोलले. "मॅडम, सूचना पुढे कळवतो." कळवतीलही. मी अजून आप्पांना या वर्षीच्या व्याख्यानाचं सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते आदल्या रात्रीच सदरा काढून ठेवतील.

तर कामाचं बोलते. त्या संध्याकाळी कार्यक्रम संपल्यावर, म्हणजे प्रश्नोत्तरं संपल्यावर, साडेआठ-नऊला कुणाची गाडी आमच्या फाट्यावरून जाणार असेल तर मला मेसेज करा. पेट्रोलचे पैसे देईन. आप्पांना फक्त पुढची सीट लागेल, मागे बसलं की त्यांना मळमळतं.