'लिटमस टेस्ट'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

'लिटमस टेस्ट' आणि 'अॅसिड टेस्ट' हे दोन शब्दप्रयोग एकच नव्हेत, असं मी लेखात मांडलं होतं. त्यावर "लिटमस टेस्ट काय अन् अॅसिड टेस्ट काय, अर्थ एकच. रिटायर मास्तरानं उगं कीस पाडू नये," असं तुम्ही लिहिलंत. शिवाय लेख लांबलचक, निवडणुकीचं उदाहरण पक्षपाती, वगैरे. लेख लांबला, कबूल. पण 'मास्तर' हा शब्द शिवीसारखा वापरायची ही कुठली रीत? तीही टोपणनावाआडून!

परभणीत अकरावी-बारावीच्या पोरांची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे हा कीस मी पाडणारच. लिटमस म्हणजे मसाल्यातल्या दगडफुलाच्या गोतावळ्यातून काढलेला रंग. आम्लात लाल, आम्लारीत निळा. आम्ल किती तीव्र, हे तो सांगत नाही. पीएच, म्हणजे आम्ल-आम्लारीचं माप (7च्या खाली आम्ल, वर आम्लारी), साधारण 4.5 ते 8.3च्या मधे असला तर धड लाल नाही, धड निळा नाही, जांभळट. आपल्या काळ्या मातीचा पीएच बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ, म्हणजे तिथंही लिटमसच्या पट्टीचा फारसा उपयोग नाही. म्हणून तर माती तपासायला दिली की पीएच, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असा आकड्यांचा कागद हातात येतो. लिटमसला एकच विचारायचं: या बाजूचा की त्या? अमेरिकेत सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश नेमताना गर्भपाताच्या एकाच प्रश्नावरून माणूस जोखला, तर त्याला लिटमस टेस्ट म्हणतात ते यामुळंच.

अॅसिड टेस्ट सोनाराची. दागिना कसोटीच्या दगडावर घासायचा, रेघेवर नायट्रिक अॅसिड सोडायचं. पितळेची रेघ विरघळते, सोन्याची राहते. इथं बाजूचा प्रश्नच नाही, टिकतं की नाही एवढंच बघायचं.

आता जिल्हा परिषदेची निवडणूक घ्या. आरक्षणावर उमेदवार कोणत्या बाजूला, एवढंच पाहून मत दिलं तर ती लिटमस टेस्ट. पाच वर्षांच्या कारभारावर सत्ताधारी तग धरतात का, ही अॅसिड टेस्ट. दोन्ही एकच म्हणणाऱ्यानं हा फरक एकदा समजावून सांगावा, मी ऐकतो.

पेपरवाले दोन्ही सरमिसळ वापरतात, हा तुमचा पुरावा. इंग्रजी पेपरही वापरतात, ठाऊक आहे मला. पेपरात तर रोज कुणीतरी 'रणशिंग फुंकतो', म्हणून शिंगं विकत घ्यायची का?

पक्षपाताचं म्हणाल, तर त्या उदाहरणात एकाही पक्षाचं नाव नव्हतं. पुन्हा वाचा. या खेपेला शेवटपर्यंत.