ईडन पार्कवर पडलेलं पीठ

मागच्या वर्षी ऑकलंडला मावसभावाकडे गेलो होतो. किंग्जलँड स्टेशनवर उतरलं की समोरच ईडन पार्क. आपल्या वानखेडेसारखंच रेल्वेला लागून. "इथे चालू मॅचमध्ये विमानातून पिठाच्या पुड्या टाकल्या होत्या," भाऊ म्हणाला. मला वाटलं, थापा मारतोय.

नव्हता मारत. १२ सप्टेंबर १९८१, न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका, तिसरी आणि निर्णायक रग्बी कसोटी. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णद्वेषी गोऱ्यांचं राज्य, म्हणून त्यांच्या संघाच्या या दौऱ्याविरुद्ध न्यूझीलंडभर निदर्शनं चालली होती. निदर्शकांपैकी मार्क्स जोन्स भाड्याचं सेस्ना विमान घेऊन मैदानावर घिरट्या घालतोय, शेजारी बसलेला ग्रँट कोल पुड्या फेकतोय. एक पुडी गॅरी नाइटला लागली. गडी आडवा! तोही न्यूझीलंडचाच. मॅच मात्र थांबली नाही. न्यूझीलंडने ती २५-२२ अशी जिंकली. बाहेर दंगल पोलिसांची लांब दांडकी चालत होती. विदूषकाच्या वेशात आलेल्या निदर्शकांनीही त्या दिवशी मार खाल्ला. जुलैत वेलिंग्टनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर डोकी फुटल्यापासून लोक मोर्चाला मोटरसायकलची हेल्मेटं घालूनच यायचे.

पंतप्रधान मल्डून यांचं म्हणणं होतं की खेळात राजकारण नको. हे वाक्य आपल्याकडेही दर दोन वर्षांनी कुणीतरी फेकतं आणि मला ते ऐकलं की तिडीक जाते. अहो, राजकारण संघ निवडतानाच झालेलं असतं! आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारला खपणार नाही म्हणून १९२८, १९४९ आणि १९६० च्या दौऱ्यांवर न्यूझीलंडने स्वतःच्या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी खेळाडूंना घरी ठेवलं. १९७० मध्ये नेलं, तेही 'मानद गोरे' म्हणून. मानद गोरे! पद्मश्री दिल्यासारखं. याविरुद्ध तोंड उघडलं की तुम्ही खेळात राजकारण आणता.

आता खरं सांगतो. १९८१ च्या त्याच दौऱ्यात, २५ जुलैला हॅमिल्टनच्या मॅचला साडेतीनशेच्या आसपास निदर्शक कुंपण पाडून मैदानात घुसले आणि हातात हात अडकवून मधोमध उभे राहिले. त्यात चोरलेलं एक विमान मैदानाच्या दिशेने येतंय अशी बातमी आली आणि पोलिसांनी मॅच रद्द केली. दक्षिण आफ्रिकेत लोक पहाटे उठून टीव्हीपुढे बसले होते. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात ही बातमी पोचली तेव्हा सूर्य उगवल्यासारखं वाटलं, असं मंडेलांनी पुढे सांगितलं. हे वाचून माझ्या अंगावर काटा येतो. पण त्या दुपारी मी हॅमिल्टनमध्ये असतो तर कुठे असतो? स्टँडमध्ये. तिकीट काढून, घसा फोडून ओरडत. निदर्शकांवर बाटल्या फेकणाऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत. क्रिकेटवेड्या माणसाने उगाच हुतात्म्याचा आव आणू नये.

त्याच वर्षी इंग्लंडचा संघ आपल्याकडे यायचा होता. त्यातले बॉयकॉट आणि कुक दक्षिण आफ्रिकेत खेळून आलेले, म्हणून दौरा अडला होता. (बहिष्काराचा प्रश्न आणि माणसाचं नाव बॉयकॉट, असं कथेत लिहिलं तर संपादक परत पाठवेल.) शेवटी इंदिरा गांधींच्या सरकारने परवानगी दिली आणि नोव्हेंबरात वानखेडेवर कसोटी झाली. आपण जिंकलो. पुढच्या मार्चमध्ये बॉयकॉट बहिष्कार मोडून निघालेल्या बंडखोर संघाबरोबर पुन्हा दक्षिण आफ्रिकेत हजर.

बाबा ती कसोटी बघायला गेले होते. परवा त्यांना विचारलं, तेव्हा तुमच्या मनात काही आलं नाही का? त्यांनी चष्मा पुसला, थोडा वेळ गप्प बसले.

"तिकीट मिळालं होतं रे," म्हणाले.