फुटपाथ शहराचा, बर्फ तुमचा

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात घर घेतलंत? अभिनंदन! आता हिवाळा यायच्या आत एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, घरासमोरचा साईडवॉक तुमचा नाही, तिथे गाडी लावलीत तर दंड, कुंपण सरकवलंत तर नोटीस, पण त्यावर जो बर्फ पडेल तो मात्र शंभर टक्के तुमचा. न्यूयॉर्क शहराचा कायदाच आहे तसा, मालक असो, भाडेकरू असो, ज्याच्या ताब्यात जागा त्याने बर्फ काढायचा. आपण पडलो फुटपाथ टपरीवाल्याचा आणि टू-व्हीलरवाल्याचा असतो हे बघत मोठे झालेले, त्यामुळे हे पचायला दंडाची एक-दोन टिकिटं जातात.

सगळ्यात आधी पंचांग बघायला शिका. सकाळी सात ते संध्याकाळी पाचच्या आत बर्फ थांबला तर तुमच्याकडे चार तास. पाच ते नऊच्या मध्ये थांबला तर चौदा तास. रात्री नऊनंतर थांबला तर सकाळी अकरापर्यंत. म्हणजे ४ वाजून ५९ मिनिटांनी थांबला तर रात्री नऊच्या आत फावडं मारून मोकळं व्हायचं, आणि पाचला थांबला तर जेवा, सिरियल बघा, झोपा, सकाळी सातपर्यंत वेळ आहे. तेव्हा दुपारी साडेचारला खिडकीत उभं राहून "अजून थोडा पड रे बाबा" म्हणायला लाजू नका. ऑफिसला गेलेल्या माणसाने चार तासात घरी यायचं कसं असले प्रश्न विचारू नका, कायदा करणारे बहुतेक घरीच असतात.

आता काढायचा किती? निदान चार फूट रुंद वाट हवी. आणि टाकायचा कुठे? रस्त्यावर ढकलायचा नाही, हायड्रंटवर (आग विझवायच्या पाण्याच्या नळावर) नाही, बस स्टॉपवर नाही, शेजाऱ्याच्या दारात टाकलात तर तो बोलायचा बंद होईल (हा काहींना फायदा वाटेल). उरलं तुमचं ते हातभर अंगण, ज्यात तुळशीची रिकामी कुंडी आहे. तिथे रचा. जानेवारीअखेर खिडकीतून समोरचं घर दिसायचं बंद होतं, पण पडद्यांचा खर्च वाचतो.

एवढं करून कंबर धरून उभे राहिलात की सॅनिटेशनचा, म्हणजे शहराच्या सफाई खात्याचा, ट्रक येईल. हा तोच कचऱ्याचा ट्रक, पुढे पातं लावलं की झाला स्नो-प्लाऊ. तो रस्त्यावरचा सगळा माल तुमच्या ड्राइव्हवेच्या, म्हणजे गाडी आत-बाहेर करायच्या वाटेच्या, तोंडाशी आणून ठेवतो, आणि हा माल काही वरून पडलेला पांढरा भुसभुशीत नसतो, काळपट, मीठ-माती मिसळलेला, मध्ये कोणाचा तरी कॉफीचा कप, आणि तासाभरात असा घट्ट होतो की फावडं टण्णकन वाजतं. वाईट वाटून घेऊ नका. ट्रक ज्या खात्याचा, साईडवॉक साफ नाही म्हणून टिकिट देणारं खातंही तेच, सगळं एका खिडकीवर, अशी सोय आपल्याकडे कुठल्या महापालिकेत आहे सांगा?

बर्फाचा दगड झाला आणि निघतच नाही, तर कायदा इतकाही निर्दयी नाही. राख, वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरा, थंडी उतरली की साफ करा. राख! सेंट्रल हीटिंगच्या घरात राख कुठून आणायची ते आजीला फोन करून विचारा.

घर कोपऱ्यावरचं असेल तर डबल अभिनंदन, दोन्ही बाजू तुमच्या, शिवाय क्रॉसिंगला उतरायचा तो उतारही. बाकी सगळे काय करतात माहितीये? कोपऱ्यापर्यंत मस्त चार फूट वाट, आणि उताराच्या तोंडाशी गुडघाभर ढीग आणि घोटाभर गढूळ पाणी. वॉकर घेऊन आलेल्या आजी तिथपर्यंत येतात, बघतात, मागे फिरतात आणि ड्राइव्हवेमधून उतरून चालत्या गाड्यांच्या कडेने जातात. टिकिट कोणालाच लागत नाही, कारण प्रत्येकाने आपापली वाट साफ केलेली असते.

आणि शहराला कोण टिकिट देतं असं तोंडावर आलंच तर गिळून टाका. १९६९ च्या फेब्रुवारीत जवळपास पंधरा इंच बर्फ पडला आणि क्वीन्समधले कितीतरी रस्ते दिवसचे दिवस तसेच पडून होते, मेयर जॉन लिंडसे बघायला आले तर लोकांनी हुर्यो उडवली. पण चार तासांचा नियम मेयरना नसतो, तुम्हाला असतो, इथे गोंधळ करू नका.

टिकिट आलंच तर पहिल्यांदा शंभरेक डॉलर, वर्षात तिसऱ्यांदा सापडलात तर ३५० पर्यंत. सुनावणी मागता येते, म्हणून साफ केलेल्या वाटेचे फोटो काढून ठेवा, वेळ दिसेल असे, आणि ट्रक यायच्या आधीचे. शेजाऱ्याच्या न काढलेल्या बर्फाचाही एक काढा, पण ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरवर, लगेच पाठवू नका, त्याच्या फोनमध्ये तुमचे चार आहेत.