एम.ए. झाले, टाकी धुणे बाकी

मराठी एम.ए.चा निकाल लागला त्या दिवशी आईनं पाव किलो पेढे आणले. पेढा तोंडात असतानाच बाबांनी विचारलं, "मग आता पुढं काय?"

"लिहायचं म्हणतेय."

"लिही की! कोण नको म्हणतंय? पण करणार काय?"

आमचं घर सांगलीत. मराठी नाटकाचा पहिला प्रयोग १८४३ साली याच गावात झाला, हे गावात कुणीही पाहुणा आला की रिक्षावालासुद्धा अभिमानानं सांगतो. पण आपल्याच घरातल्या पोरीनं लेखनावर पोट भरायचं म्हटलं की त्याच गावाच्या चेहऱ्यावर भेळेत खडा लागल्यासारखा भाव येतो. आत्या तर म्हणाली, "अगं, मराठी तुला येतच होतं की! दोन वर्षं कशाला घालवलीस?" आता तिला लीळाचरित्र आणि स्वनिम-रूपिम कुठून समजावणार? (खरं सांगायचं तर रूपिम मलाही परीक्षेच्या आदल्या रात्रीच समजला, आणि पेपर देऊन बाहेर आल्यावर गेला.)

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा शेजारच्या काकू मुद्दाम जिना चढून आल्या होत्या. "आता तुम्हा लोकांची भरती निघेल, नाही का?" बहुधा त्यांना तो वेतन आयोगाचाच कुठला तरी प्रकार वाटला असावा. मावसभाऊ 'सेट' ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास होऊन तासिका तत्त्वावर शिकवतो. त्याला नोकरीबद्दल काही विचारलं की तो खिडकीबाहेर बघतो. म्हणून मी विचारत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला दिवाळी अंकांचा आधार असतो म्हणतात. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर दिवाळीला चकलीच्या शेजारी कथा असते. माझीही असावी म्हणून मे महिन्यात एका अंकाला कथा पाठवली. उत्तर आलं, "मिळाली." पूर्णविरामासकट. तो पूर्णविराम मी तीन दिवस न्याहाळला. त्यात होकार आहे की नकार? जूनमध्ये धीर करून मानधनाचं विचारलं. उत्तर आलं, "अंक हेच मानधन." म्हणजे कथा घेतली होती तर! बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "वीजबिल भरताना अंक दाखवू."

आणि मग सोसायटीचे सेक्रेटरी काका आले. "तू लेखिका ना? टाकी धुवायची नोटीस लिहून दे."

हसू नका. तीन विंग, चोवीस घरं, शिवाय लिफ्टच्या दारात उभं राहून नाइलाजानं वाचणारा वाचक! असा वाचक मोठमोठ्यांना मिळत नाही. मी रात्री जागून लिहिलं: "गेले सहा महिने आपल्या डोक्यावर शांतपणे साचत गेलेल्या गाळाचा निरोप घेण्याची वेळ आली आहे..." काकांनी चष्मा वर केला. "कोण गेलंय का?"

"नाही, गाळ..."

"ते सगळं काढ. पाणी कधी नाही तेवढं लिही."

दोन वर्षांत एकाही प्राध्यापकानं माझ्या शैलीवर इतकी नेमकी टीका केली नव्हती. शेवटी उरलं ते असं: "रविवारी ९ ते १ पाणी बंद. कळावे." 'कळावे' मी भांडून ठेवलं. तीन प्रती काढल्या, तिन्ही लिफ्टपाशी चिकटवल्या. संध्याकाळी भाजी आणायच्या निमित्तानं तिन्ही विंगांतून फिरून आले. ए विंगेत कुणीतरी बॉलपेननं लिहिलं होतं, "१ म्हणजे दुपारचा की रात्रीचा?" बी विंगेत 'कळावे'खाली उत्तर होतं, "कळले." सी विंगेत नुसती चिकटपट्टी लोंबत होती.

एक प्रत चोरीला जाण्याइतकं आपलं लिहिणं वाचलं जातंय, या आनंदात मी घरी आले. सोमवारी पहाटे दूधवाल्यासाठी दाराला लावलेली चिठ्ठी काढली: "आज अर्धा लिटर जास्त." अक्षर आईचं होतं. कागद उलटला, तर मागं माझं 'कळावे'.