डोंगा पाहाले कोन येते जी?

भंडारा जिल्ह्यातल्या वैनगंगेकाठच्या आमच्या गावात सध्या एकच वाद आहे. शाळेच्या जुन्या इमारतीत ढिवर (मासेमार) मोहल्ल्यातल्या पोरांना डोंगा म्हणजे खोडातून कोरलेली होडी, जाळी, वल्ही जपून ठेवायची आहेत. बाकीच्यांना तिथे सभामंडप हवा आहे. एका काकांनी विचारलं, "डोंगा पाहाले कोन येते जी?"

मी लंडनला राहतो. इथल्या ग्रिनिच भागातल्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा कोट आहे, ट्रफाल्गरच्या लढाईतल्या गोळीचं भोक खांद्यावर तसंच असलेला. गर्दी त्याच्यापुढेच असते. पण १९६७ ते १९८३ या काळात इथे संचालक असलेल्या बेसिल ग्रीनहिल यांचा जीव अडकला होता साध्या मालवाहू शिडाच्या नौकांत, त्या बांधणाऱ्या सुतारांत आणि चालवणाऱ्या माणसांत. १८९९ मध्ये बांधलेली, खत आणि दगड वाहणारी शॅमरॉक ही नौका त्यांच्याच काळात दुरुस्त झाली. आज ती कॉर्नवॉलमध्ये टेमर नदीच्या धक्क्यावर उभी आहे.

त्याआधी ते मुत्सद्दी होते. १९५०च्या दशकात पूर्व पाकिस्तानात असताना त्यांनी तिथल्या नदीवरच्या नावा बारकाईने पाहिल्या. फळीवर फळी कशी चढवली आहे, हे त्यांनी टिपून ठेवलं. मध्ययुगीन युरोपातलं 'हल्क' जहाज कसं बांधत असावेत, याचा माग त्यांना बंगालच्या सुतारांच्या हातात लागला. म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे: जाणता माणूस येतो, आणि फार लांबून येतो.

आता दुसरी बाजू. ग्रिनिचचं संग्रहालय जेम्स केअर्ड या जहाजमालकाच्या देणग्यांवर उभं राहिलं, आपल्याकडे असा दाता नाही. शिवाय वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं, आणि बाधितांचे प्रश्न अजून लोंबकळत आहेत. "आधी पुनर्वसन, मग संग्रहालय" असं कोणी म्हटलं तर मला ते पटतं. पण धरणाने नदीच बदलली, तिच्यासोबत मासेमारीही बदलली. अखंड खोड कोरून डोंगा करणारे हात म्हातारे झालेत. मोबदल्याची फाइल उशिरा का होईना, हलेल. हे हात तोवर वाट पाहणार नाहीत.

सभामंडप खुशाल बांधा. पण या उन्हाळ्यात पोरांनी त्या म्हाताऱ्यांपाशी बसावं. कोणतं लाकूड, खोड किती सुकवायचं, आतून किती कोरायचं, फुटलं तर काय भरायचं, सगळं मोबाइलवर त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करावं, डोंग्याची मापं वहीत लिहावी. ते टंकून, नकाशे काढून द्यायचं काम मी इथून करीन.