लोकर बोलत नाही

गेल्या रविवारी दुपारी, फिलाडेल्फियाच्या एका उपनगरातल्या दगडी चर्चमध्ये, ऐन फेब्रुवारीत मला पातळ शर्टावर दोन तास बसवण्यात आलं. सर्दी अजून उतरलेली नाही. रागही नाही.

कार्यक्रम अमेरिकन संगीतकारांच्या चेंबर म्युझिकचा होता. फ्लूट, क्लॅरिनेट, दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि पियानो, अशी मोजून सात माणसं. तिकिटं बायकोच्या ऑफिसातून फुकट आली होती, आणि फुकट ते पौष्टिक हा बाणा मी साता समुद्रापार येऊनही सोडलेला नाही. प्रास्ताविक एवढं पुरे. मुख्य कार्यक्रम दारातच सुरू झाला.

दारात एक बाई उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या आसपास वय, अंगात काळे कपडे, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला आणि कमरेला किल्ल्यांचा भला मोठा जुडगा. त्यात चर्चच्या, कपाटांच्या आणि बहुधा स्वर्गाच्याही किल्ल्या असाव्यात. तिकिटं त्यांनी पाहिलीच नाहीत. माझ्या फुगीर जाकिटाकडे पाहिलं.

"जरा हात हलवा."

मला वाटलं, सुरक्षा तपासणी. मी दोन्ही हात वर केले.

"वर नको. चालताना हलतात तसे."

मी हलवले. बाही कुशीला घासून 'स्सर्र' झालं. बाईंनी तंबोरा जुळवणाऱ्या गवयासारखे डोळे मिटले.

"आता फक्त डावा."

स्सर्र.

"डावा जास्त आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. मग डोळे उघडून निकाल दिला, "हे जाकीट आत जाऊ शकत नाही. तुम्ही जाऊ शकता."

कारण असं की त्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. छताला दोन माइक टांगले होते आणि बाईंच्या म्हणण्यानुसार त्यांना सगळं ऐकू येतं. "नायलॉन बोलतं," त्या म्हणाल्या, "लोकर बोलत नाही." माझ्या मागे बायको उभी होती. तिच्या अंगावर लोकरीचा लांब कोट, सत्तर टक्के सवलतीत घेतलेला. तिला हात हलवायलाही सांगितलं नाही. "किती सुंदर कोट!" एवढंच. बायको आत गेली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस लोकरीच्या बाजूने होतो.

"आत हीटर असेल ना?" मी विचारलं.

"हीटर बंद ठेवलाय. पाइप ठोके देतात."

"म्हणजे थंडी असेल."

"थोडी असेल. पण छान शांतता आहे."

"आणि थंडीने खोकला आला तर?"

या प्रश्नाची त्या वाटच बघत असाव्यात. टेबलाखालून त्यांनी काचेचं भांडं काढलं. त्यात खोकल्याच्या गोळ्या होत्या, वेष्टन काढून ठेवलेल्या. कागद कुरकुरतो म्हणून म्हणे समितीची मंडळी आदल्या रात्री बसून गोळ्या सोलतात. सोललेल्या गोळ्या रात्रभरात एकमेकींना चिकटून त्यांचा एकच पिवळट खडक झाला होता. बाईंनी जुडग्यातली सगळ्यात मोठी किल्ली निवडली, खडकाचा एक तुकडा पाडला आणि कागदी रुमालावर ठेवून माझ्या हातात दिला. हे सगळं होत असताना जुडगा खळखळ वाजत होता. मी जुडग्याकडे पाहिलं. बाईंनी माझं पाहणं पाहिलं.

"या ड्यूटीच्या आहेत," त्या म्हणाल्या.

जाकीट आतल्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या यंत्राशेजारी, खुंटीला गेलं. मला मागच्या रांगेत, बाईंच्या शेजारची खुर्ची मिळाली. बायको पाचव्या रांगेत, अर्थात ऊबदार.

सुरुवात एमी बीच यांच्या रचनेने झाली. फ्लूट आणि स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) यांच्यासाठी लिहिलेली १९१६ सालची थीम आणि व्हेरिएशन्स, म्हणजे एक धून आणि तिची बदलत जाणारी रूपं. या बीचबाईंची हकिगत वाचून मला माझी थंडी थोडी कमी वाटली. अठराव्या वर्षी लग्न झालं, नवरा डॉक्टर, वयाने बापाएवढा. त्याने जाहीर पियानोवादन जवळजवळ बंद करायला लावलं. 'रचना कर, पण शिकवायला कुणी येणार नाही', अशी एकंदर व्यवस्था. बाई पुस्तकं आणून घरी एकट्या शिकल्या आणि १८९६ मध्ये त्यांची सिंफनी बॉस्टनमध्ये वाजली. अमेरिकन बाईने लिहून प्रसिद्ध केलेली ती पहिली सिंफनी. पण छापताना नाव नवऱ्याच्याच आद्याक्षरांचं, 'मिसेस एच. एच. ए. बीच'. नवरा १९१० मध्ये गेला आणि त्या युरोपच्या दौऱ्यावर निघाल्या. बरं केलं.

वादन सुंदर होतं, हे मान्य करायला मला जड जातंय, पण होतं. फक्त फ्लूटवाल्या बाईंचे हाल दिसत होते. थंडीत फ्लूटचा सूर उतरतो, हे हीटर बंद करणाऱ्या समितीला कुणी सांगितलं नसावं. जरा उसंत मिळाली की त्या फ्लूट छातीशी धरून आत गरम श्वास सोडत. क्लॅरिनेटवाला तर आपल्या वाद्यावर चक्क बसल्यासारखा, ते मांडीखाली घेऊन पाळीची वाट बघत होता. सुषिर वाद्यांना ऊब हवी आणि माइकला शांतता हवी, यात माइक जिंकला होता. मला ते दोघे आपल्या पक्षाचे वाटू लागले.

मग एरन कोपलंड यांचं सेक्स्टेट. क्लॅरिनेट, पियानो आणि स्ट्रिंग क्वार्टेट. मूळची ही 'शॉर्ट सिंफनी', १९३३ साली पुरी झालेली. पण तालाचे इतके आडवेतिडवे टप्पे की बॉस्टनच्या कूसेव्हिट्स्कींनी आणि आमच्या फिलाडेल्फियाच्या स्टोकोव्स्कींनी, या दोन्ही वाद्यवृंद-संचालकांनी ती वाजवायचं रहित केलं. शेवटी १९३४ मध्ये मेक्सिको सिटीत कार्लोस चावेस यांनी वाजवली. मग कोपलंडनी १९३७ मध्ये तीच सहा वादकांत बसवली. ऐकताना मी मांडीवर ताल धरायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच टाळीला बाईंनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नर्स नाडी बघते तशी, आणि तिथेच ठेवली. उरलेलं कोपलंड मी असं ऐकलं.

मध्यंतरात मी कॉफीसाठी स्वयंपाकघराकडे गेलो. खरं तर जाकिटाजवळ जरा उभं राहायला. बाई मागोमाग आल्या. आता त्या मऊ झाल्या होत्या.

"तुम्हाला तर आज घरच्यासारखं वाटलं असेल," त्या म्हणाल्या.

"का हो?"

त्यांनी कार्यक्रमपत्रिकेवर बोट ठेवलं. एमी बीच यांनी थीम आपल्याच एका जुन्या समूहगीतावरून घेतली होती. गीताचं नाव 'ॲन इंडियन ललबाय'.

"आईने लहानपणी म्हटलं असेल ना?"

मी सांगितलं की अंगाई इथल्या आदिवासींच्या नावावर आहे, आणि माझी आई सांगलीची.

"सांगली," त्यांनी जरा आठवून पाहिलं. "ते ॲरिझोनात ना?"

"महाराष्ट्रात."

"हो, हो. तिकडे हिवाळा सौम्य असतो म्हणतात. म्हणून तुम्हाला एवढी थंडी वाजतेय."

यावर काय बोलणार? आई मला झोपवताना पाठीवर धपाटा घालायची, आणि त्या धपाट्यावर अजून कुणी व्हेरिएशन्स लिहिलेली नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. विनोद बाजूला ठेवतो, पण हे असं झालं की मला आतून चिडायला होतं. या गावाचा मालमत्ता कर मी भरतो. शेजारच्या म्हाताऱ्याच्या दारातला बर्फही मीच उपसतो. गावच्या वाचनालयाच्या मदतनिधीसाठी दर वर्षी समोसे तळून देतो. आणि तरी प्रत्येक ठिकाणी मला कुणीतरी प्रेमाने, अगदी हसून, पाहुणा करून ठेवतं. शिवी दिली असती तर परतवता आली असती.

आपल्याकडे असं काही नसतं, असं म्हणायचा मोह होतो. सवाईला, म्हणजे भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या त्या महोत्सवात, मी पुण्याच्या डिसेंबरात शाल, कानटोपी, थर्मास असा जामानिमा करून बसलोय आणि कुणी माझी बाही ऐकून पाहिली नाही. समेला 'वाऽ' म्हटलं तर गवई उलट बघून हसतो. पण खरं सांगायचं तर तिथेही शेजारच्या गृहस्थांनी अख्खा विलंबित ख्याल माझ्या गुडघ्यावर ठेका धरला होता, आणि मागच्या बाई वडापावच्या पिशवीशी झटापट करत मुलाच्या लग्नाची बोलणी करत होत्या. त्या वेळी इथल्या किल्लीवाल्या बाई तिथे हव्या होत्या, असं मला वाटल्याचं आठवतं.

मध्यंतरानंतर जॉर्ज क्रम. हे १९२९ साली २४ ऑक्टोबरला जन्मले, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळायला लागला त्याच दिवशी. वडील क्लॅरिनेट वाजवत, आई चेलो. पुढे तीसेक वर्षं इथल्याच पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवलं, म्हणजे आमच्या भागात घरचे. त्यांची 'व्हॉक्स बालेनाय', देवमाशाचा आवाज, १९७१ सालची. फ्लूट, चेलो आणि पियानो, तिन्हींना ध्वनिवर्धक लावलेले. वादकांनी काळे अर्धमुखवटे घालायचे आणि रंगमंचावर निळा प्रकाश, असं संगीतकारानेच सांगून ठेवलंय. माणसांचे चेहरे झाकले की निसर्गाची शक्ती उरते, अशी कल्पना. क्रमनी कुबड असलेल्या देवमाशांच्या गाण्याची ध्वनिफीत ऐकली होती, त्यातून हे सुचलं.

आणि मग काय काय झालं म्हणता! फ्लूटवाल्या बाई फुंकता फुंकता फ्लूटमध्येच गायला लागल्या. चेलोवाल्याने तारेवर बोट घसरवत समुद्रपक्ष्यांचा कालवा केला आणि पुढे चक्क शीळ घातली. पियानोवाला उठून पियानोच्या पोटात वाकला, आणि तिथे तारांवर छिन्नी, काचेची कांडी, पेपरक्लिप, सगळं चालवून झालं. पेपरक्लिप! आणि मला आठवली ती माझी डावी बाही. तिची स्सर्र त्या निळ्या उजेडात, त्या समुद्रात, इतकी शोभली असती. लाट म्हणून खपली असती.

या लोकांचं हेच मला कळत नाही. रंगमंचावर कुठलाही आवाज वर्ज्य नाही आणि खुर्चीत श्वास वर्ज्य. जॉन केज यांनी तर १९५२ च्या ऑगस्टात वुडस्टॉकच्या सभागृहात एक सूरही न वाजवणारी रचना सादर करवली. साडेचार मिनिटं पियानोवादक डेव्हिड ट्यूडर नुसते बसले. बाहेरचा वारा, छपरावरचे पावसाचे थेंब, चिडून बोलत बाहेर पडणारे लोक, हे सगळं केजनी संगीतात धरलं. तिथे मला सोलो मिळाला असता. दुसरे संगीतकार मिल्टन बॅबिट. त्यांच्या १९५८ च्या लेखाला मासिकाने मथळा दिला होता, 'तुम्ही ऐकलंत काय नि नाही काय, कोणाला पडलंय?' मथळा बॅबिटना पसंत नव्हता, पण मला आहे. निदान त्या मैफलीत जाकीट चाललं असतं.

असो. क्रमच्या रचनेचा शेवट ऐकण्यासारखा आहे, आणि न ऐकण्यासारखाही. दहा सुरांची एक आकृती परत परत येते, दर वेळी आणखी हळू, आणि शेवटच्या खेपेला वादक ती नुसत्या हातांनी, आवाज न काढता वाजवतात. ऐकू येण्याच्या पलीकडे गेलेला सूर. सभागृह गोठलं होतं, मी तर शब्दशः. वादकांचे हात हवेत होते, सूर नव्हता, आणि त्या क्षणी माझ्या शेजारून कमरेचा जुडगा फरशीवर पडला.

फरशी दगडी. किल्ल्या निदान वीसेक.

सगळं सभागृह मागे वळलं आणि माझ्याकडे पाहिलं. बाईंकडे कुणी पाहिलं नाही, कारण बाईंनीही माझ्याकडेच पाहिलं. पाचव्या रांगेतून बायकोनेही. रेकॉर्डिंगवाला तरुण कानावरचा हेडफोन काढून पुढे आला आणि म्हणाला, कृपया सगळ्यांनी बसून राहा, शेवटची शांतता पुन्हा घ्यावी लागेल.

वादकांनी मुखवटे परत चढवले. निळे दिवे परत लागले. बाई खाली वाकल्या, जुडगा उचलला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "या वेळी तुम्ही बाहेर थांबलात तर बरं होईल."

"किल्ल्या माझ्या नाहीत," मी म्हटलं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण आता लोकांचं लक्ष तुमच्याकडे जातं."

मी बाहेर थांबलो. बाहेरच्या खोलीत रेडिएटर चालू होता, ठोके देत होता. टेबलावर बिस्किटं होती आणि शेजारी देणग्यांची पेटी. मी चार बिस्किटं खाल्ली, कुरकुरीत होती तेवढी निवडून. पेटीत काही टाकलं नाही.

काल आयोजकांचा ईमेल आला. आपला अनुभव कसा होता, एक ते पाचात सांगा, आणि जमल्यास पुढच्या रेकॉर्डिंगसाठी मदत करा. मी अनुभव सविस्तर लिहायला घेतला, तर चौकोनात तीनशे अक्षरांच्या वर जाईना. तेवढ्यात कळलं की बायकोने सकाळीच पाचपैकी पाच देऊन पंचवीस डॉलर पाठवलेत, दोघांच्या नावाने.